तीन फोटोंची एक खोली

अर्ज परत आला तेव्हा नाना दाढी करत होते. एका गालावर साबण तसाच ठेवून त्यांनी शेरा वाचला. "सोबतच्या फोटोत खोलीत पुरेसा नैसर्गिक प्रकाश दिसून येत नाही. सबब शिवणवर्गास परवानगी देता येत नाही." खाली सही, सहीखाली शिक्का, आणि शिक्का अर्धा फोटोवर उमटलेला. फोटोत एक चौकोनी पांढराफेक झोत होता, जणू खिडकीबाहेर कुणी सूर्य आणून टेकवून ठेवला होता. त्याभोवती कोळशाची वखार. वखारीच्या मधोमध माणसाच्या आकाराचा एक डाग. तो डाग म्हणजे माई, नानांची बायको.

फोटो नानांनी काढला होता.

"मी काही म्हणत नाही," माई म्हणाल्या.

हे वाक्य ज्यांनी संसारात ऐकलंय त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. नानांनी उरलेली दाढी केली आणि त्यात हनुवटी कापून घेतली.

खोली होती इमारतीच्या तळमजल्यावर. मोडक्या खुर्च्या, गंजलेली सायकल आणि कुणाचाच नसलेला एक आरसा यांचा तिथे बरीच वर्षं मुक्काम होता. माईंनी सगळ्या रहिवाशांना एकेक करून पटवलं, खोली मागून घेतली, घासूनपुसून लख्ख केली आणि भिंतीला टेकून दोन मशिनं मांडली. आजवर त्यांनी घरात बसून दुसऱ्यांच्या दुकानांसाठी काज-बटणं केली होती. कपड्यावर लेबल नेहमी दुकानाचं. आता स्वतःचा वर्ग, स्वतःची पाटी. नावं नोंदवून बायका वाट बघत होत्या. फक्त सोसायटीच्या सेक्रेटरींनी होकार देताना एक मेख मारून ठेवली होती: महिनाअखेरपर्यंत पालिकेची परवानगी आली नाही, तर खोलीत स्कूटर लागतील. सेक्रेटरींची स्कूटर नवी होती आणि तिच्यावर कबुतरांचा डोळा होता.

आणि खोली म्हणाल, तर भरपूर उजेडाची. दुपारी त्या खोलीत फरशीवर पडलेली सुई सापडते. तीही पायाला नव्हे, डोळ्याला.

"कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याला बोलावू या का?" माईंनी विचारलं.

"स्टुडिओवाला?" नाना म्हणाले. "घरात कॅमेरा असताना?"

"घरात काय, शिवणाची कात्री पण आहे. म्हणून तुम्ही केस घरी कापता का?"

पण नाना आता ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. विमा कंपनीच्या दावे विभागात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं लोकांचे फोटो नाकारण्यात घालवली होती. चेपलेल्या दाराच्या फोटोकडे नुसतं बघून ते सांगत, "पोचा जुना आहे, गंज बघा." जळालेल्या सोफ्याच्या फोटोतली राख त्यांना ताजी की शिळी ते कळे. अशा माणसाचा फोटो एका कुठल्याशा पालिकेच्या कार्यालयाने नाकारावा? फोटो नाकारण्यात तरबेज असलेल्या माणसाला फोटो काढताही येत असलाच पाहिजे, असं त्यांचं मत होतं. दातांच्या डॉक्टरला ऊस सोलता येतो असं मानण्यासारखंच हे मत. पण ते नानांना कुणी बोलून दाखवलं नव्हतं.

मार्ग लेकीने दाखवला. ती भौतिकशास्त्र शिकून नुकतीच बाहेर पडली होती आणि नोकरी मिळेपर्यंत घरातल्या प्रत्येक वस्तूचं कारण शोधत होती.

"बाबा, चूक तुमची नाही, कॅमेऱ्याची पण नाही," ती म्हणाली. "खिडकीतला उजेड आणि कोपऱ्यातला उजेड यांत प्रचंड फरक आहे. आपली नजर खिडकीवरून कोपऱ्याकडे फिरते तशी सावरून घेते. कॅमेऱ्याला एका वेळी एकच काहीतरी जमतं. खिडकी सांभाळली तर खोली काळी, खोली सांभाळली तर खिडकी जळते."

"मग?"

"मग तीन फोटो काढायचे. एक खिडकीसाठी, कमी उजेड घेणारा. एक मधला. एक कोपऱ्यांसाठी, भरपूर उजेड घेणारा. कॅमेरा तसूभर हलवायचा नाही. मग कॉम्प्युटरवर तिन्हींमधला चांगला चांगला भाग घेऊन एक फोटो करायचा. याला एचडीआर म्हणतात."

नानांचा चेहरा उजळला. "म्हणजे तीन साक्षीदारांचे जबाब घ्यायचे आणि एक अहवाल लिहायचा. एकाने फक्त बाहेरचं बघितलंय, एकाने फक्त आतलं, आणि तिसरा मधेमधे करणारा."

लेकीला इतकं चोख उदाहरण वर्गात कुणी दिलं नव्हतं. तिने ते मान्य केलं, आणि तिथेच चूक झाली. कारण नाना त्या क्षणापासून शिकाऊ उरले नाहीत.

कॅमेरा मेव्हणा परदेशी जाताना ठेवून गेला होता. सोबत माहितीपुस्तक होतं आणि त्यातली अक्षरं इतकी बारीक की, ते वाचण्यासाठी नानांनी त्याचा कॅमेऱ्याने फोटो काढून मोठा करून बघितला. ही युक्ती त्यांनी जेवताना तीनदा सांगितली. तिपाई नव्हती. माईंचं इस्त्रीचं टेबल हवं तितकं वरखाली होत होतं, ते तिपाई झालं. त्या दिवसापासून घरातले कपडे चुरगळलेले राहू लागले, पण शास्त्रासाठी एवढं चालायचंच.

सरावाचा पहिला फोटो स्वयंपाकघराचा. माई खिडकीपाशी भाजी निवडत बसल्या होत्या. तिन्ही जबाब नीट आले. मग कॉम्प्युटरवर नानांना एक पट्टी सापडली, ती उजवीकडे सरकवली की फोटोतला बारीक तपशील वर येतो. नानांनी ती सरकवली. तपशील आला. अजून सरकवली. पट्टी संपेपर्यंत सरकवली. जी गोष्ट थोडी घातली तर चांगली, ती पुष्कळ घातली तर जास्त चांगली, हा नियम मिठाला लागू नाही हे नानांना ठाऊक होतं. तो पट्टीलाही लागू नाही हे कळायचं होतं.

फोटोतले टोमॅटो आतून दिवा लावल्यासारखे पेटले होते. खिडकीबाहेर दुपार होती, पण आभाळ असं की घरातल्यांनी मेणबत्त्या शोधाव्यात. भांड्यांवरचा प्रत्येक ओरखडा वाचता येत होता. आणि मधोमध, कातळातून कोरून काढल्यासारख्या, माई.

"माझ्या कपाळाला एवढ्या आठ्या आहेत?" माईंनी विचारलं.

"त्या होत्याच," नाना अभिमानाने म्हणाले. "मी फक्त वर आणल्या."

त्या संध्याकाळी लेकीने गुपचूप पट्टी मधोमध आणून ठेवली आणि तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावला. स्क्रीनवर.

खोलीचा खरा फोटो काढायचा त्या दुपारी अर्धी इमारत तळमजल्यावर उतरली. कोणी कुणाला बोलावलं नव्हतं. माणूस इस्त्रीचं टेबल काखेत मारून जिना उतरताना दिसला की लोक मागे चालू लागतात, हा मानवी स्वभाव आहे. पुढे कर्नल. हे सैन्यात कधीच नव्हते. गणवेशाच्या कारखान्यात गुदामावर होते. पण इतकी वर्षं गणवेशांच्या सहवासात काढल्यामुळे आवाजाला कडक घडी पडली होती.

"नाना, फ्लॅश मारा फ्लॅश," कर्नल म्हणाले. "अंधाराला घाबरायचं नाही."

"फ्लॅशने खोटा उजेड होतो. आपल्याला नैसर्गिक दाखवायचाय."

"मग भिंतीला आधी पांढरा रंग द्या," वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या.

"भिंती पांढऱ्याच आहेत."

"मग अजून पांढरा."

काकूंच्या भाच्याच्या लग्नात फोटोवाल्याने म्हणे सगळ्यांच्या मागे चादर धरली होती, त्यामुळे सगळे गोरे आले. चादर आणू का? नानांनी नको म्हटलं. काकूंनी तरी आणली. सल्ला देणाऱ्याला तो घेतला गेला नाही याचं फारसं वाईट वाटत नाही. त्याला दिल्याचं समाधान पुरतं. पण चादर जिन्यावरून खाली आणलेल्या माणसाला ती परत वर न्यायची नसते.

बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून नानांनी वेळ लावायची सोय वापरली. दाबायचं, बाजूला व्हायचं, कॅमेरा टिकटिक करतो आणि मग आपला आपण फोटो घेतो. टिकटिक चालू असताना नाना सगळ्यांकडे पाठ करून, डोळे मिटून, पुढच्या फोटोचा आकडा घोकत उभे राहत. मागे कॅमेऱ्याच्या पडद्याभोवती कर्नल, काकू आणि बाकीची मंडळी दाटीवाटीने उभी होती.

पहिला जबाब खिडकीचा. माई मशीनपाशी ताठ बसल्या. टिकटिक सुरू झाली. पडद्यावर खोली काळीकुट्ट. झालं! नानांचा फोटो परत फसतोय हे सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. कर्नलनी बोटाने खूण केली. काकूंनी झपकन दिवे लावले आणि चादर माईंच्या मागे धरली. खटक. दिवे बंद.

दुसरा, मधला. कोणी काही केलं नाही, कारण पडद्यावर ठीक दिसत होतं.

तिसरा, कोपऱ्यांसाठी. पडद्यावर खिडकी पांढरी होऊन वितळायला लागली. कर्नलनी पुन्हा खूण केली. काकूंनी खिडकीचा पडदा अर्धा ओढला आणि वर चादर टाकली. खटक. पडदा पूर्ववत.

सगळं बिनबोभाट, बोटांच्या खुणांवर. शेजाऱ्याला मदत करावी पण त्याला ती कळू देऊ नये, इतकी थोर ही माणसं.

घरी येऊन नानांनी तिन्ही फोटो शेजारी शेजारी उघडले. तिन्ही एकसारखे. तिन्हींत खिडकी जेमतेम, कोपरे जेमतेम, आणि माई तिन्हींत सारख्याच मातकट. नानांनी आकडे तपासले. आकडे बरोबर होते. मग त्यांनी प्रकाशावर संशय घेतला.

"असं होऊच शकत नाही," लेक म्हणाली. तिचा शास्त्रावरचा विश्वास काही क्षण डळमळला. "कमी उजेड घेतलेला फोटो आणि जास्त उजेड घेतलेला फोटो सारखे आले तर मधे खोलीच बदलली पाहिजे." मग तिने एक फोटो मोठा केला. "बाबा, आईच्या मागे चादर कुठून आली? आणि तिसऱ्यात ती खिडकीवर कशी गेली?"

नाना वर गेले. काकूंनी दार उघडलं.

"आला ना छान?" त्या म्हणाल्या. "आम्ही होतो म्हणून. तुमचं काही लक्षच नव्हतं हो."

तीन साक्षीदार फोडले गेले होते, आणि फोडणाऱ्यांची अपेक्षा आभाराची होती. "छान आला," ते म्हणाले.

महिना संपत आला होता. पुढच्या खेपेला नानांनी बंदोबस्त केला. कर्नलना दिव्याच्या बटणापाशी उभं केलं, कुणाला हात लावू द्यायचा नाही, स्वतःसुद्धा नाही. असं ठोस काम मिळाल्यावर कर्नल खांबासारखे उभे राहिले. काकूंना चादरीसकट जिन्यात बसवलं. माईंना सांगितलं, हलायचं नाही.

"श्वास घेऊ का?"

"हळू घे."

आणि पहिल्या टिकटिकीला दारातून सेक्रेटरी आत आले. हातात मोजपट्टी. "चालू द्या, चालू द्या," ते म्हणाले, "मी फक्त माप घेतो. उद्याचा दिवस राहिलाय, म्हटलं तयारी असावी." पहिल्या फोटोला ते खिडकीशी होते, दुसऱ्याला मधोमध, तिसऱ्याला मशीनपाशी वाकलेले.

"साहेब, बाजूला व्हा!" नाना म्हणाले.

"माझा काय त्रास? मी तुमच्या फोटोत नाही."

"तुम्ही तीन वेळा आहात."

पुन्हा काढायचं तर सूर्य समोरच्या इमारतीमागे गेला. त्यामुळे होते तेच जबाब घेऊन नाना कॉम्प्युटरशी बसले. तीन फोटो एक झाले, आणि नाना खुर्चीतून अर्धे उठले. खिडकीबाहेरचं झाड पानापानासकट. खिडकीची चौकट. आत भिंती, कोपरे, कपाटाखालची सावली, मशीनची सुई, आणि माई, जशा आहेत तशा, डाग नाही, कातळ नाही. खोली दुपारी जशी असते तशी.

फक्त तीत धुक्याचे तीन सेक्रेटरी माप घेत होते.

"एक सोय असते," लेक म्हणाली. "हललेलं काही असेल तर ते कॉम्प्युटर काढून टाकतो. पण बाबा, तो अंदाजाने काढतो."

नानांनी बटण दाबलं. कॉम्प्युटरने विचार केला. पहिले सेक्रेटरी गेले. दुसरे गेले. तिसरे बहुतेक गेले. मशीनशेजारी फरशीवर दोन तपकिरी बूट राहिले, लेस बांधलेले, आणि त्यांच्या वर हवेत अधांतरी मोजपट्टी.

"काय बिघडतंय?" नाना म्हणाले. "प्रश्न उजेडाचा आहे. बुटांचा नाही. उलट बूट इतके स्पष्ट आलेत की, लेसची गाठसुद्धा मोजता येते."

माईंनी फोटो बराच वेळ बघितला. "मी चांगली आलेय," त्या म्हणाल्या. नानांनी तो फोटो लगेच सेव्ह केला, दोनदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना पालिकेच्या खिडकीशी उभे होते. सोबत एकत्र केलेला फोटो आणि पुराव्यादाखल तिन्ही मूळ फोटो. दावे विभागातला माणूस मूळ कागद जोडल्याशिवाय घराबाहेर पडत नाही.

"फोटो काढल्याची वेळ?" खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

"कुठल्या फोटोची?"

"जो जोडलाय त्याची."

"तो काढलेला नाही. तो झालेला आहे. त्याच्या आधीचे तीन काढलेत."

कारकुनाने पेन ठेवलं. "इथे एकच वेळ लिहायला जागा आहे."

"मग मधल्याची लिहा."

"मधला जोडू?"

"नाही, जोडायचा चौथाच."

कारकून शांत माणूस होता. त्याने चारही फोटो ओळीने मांडले. "एकच खोली. एकात रात्र आहे, एकात आग लागलीय, एक बरा आहे पण मधोमध माणूस आहे, आणि एकात नुसते बूट आहेत. यातला खरा कुठला?"

"चौथा."

"म्हणजे पहिले तीन खोटे?"

"तेही खरेच. पण अर्धे."

"साहेबांकडे जा," कारकून म्हणाला, आणि पुढच्या माणसाकडे आशेने बघू लागला.

आतले साहेब, म्हणजे निरीक्षक, फोटो हातात धरून बराच वेळ बसले. नानांना ती बैठक ओळखीची वाटली. असाच फोटो किंचित तिरका धरून, अशीच एक भुवई वर करून, ते स्वतः वर्षानुवर्षं बसले होते. समोरच्या माणसाला ते कसं वाटतं, याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. वाईट वाटतं.

"हे बूट कोणाचे?"

"आमच्या सेक्रेटरींचे."

"आणि सेक्रेटरी कुठे आहेत?"

"काढून टाकले."

"सोसायटीतून?"

"फोटोतून."

साहेबांनी फोटो खाली ठेवला. "म्हणजे या फोटोतून तुम्ही एक धडधाकट माणूस काढू शकता. मग मला सांगा, ज्याला माणूस काढता येतो त्याला खिडकी घालता येणार नाही कशावरून?"

हा युक्तिवाद इतका सुरेख होता की, नानांना दाद द्यावीशी वाटली. त्यांना स्वतःलाही याहून चांगला सुचला नसता. पण समोर माईंचा अर्ज होता आणि आजचा दिवस शेवटचा होता.

"आपण कुठे असता?" साहेबांनी विचारलं.

"विमा. दावे विभाग."

"वा. मग तुमच्याकडे असा फोटो आला तर तुम्ही काय करता?"

एखादा खोटं बोलला असता. पण व्यवसायाचा प्रश्न व्यावसायिकाने विचारला होता. "प्रत्यक्ष पाहणी," नाना म्हणाले.

"आमच्याकडे पाहणीला माणूस नाही. पुढच्या महिन्यात बघू."

"पुढच्या महिन्यात खोली नसेल, साहेब. स्कूटर असतील." आणि मग नानांनी नीट, क्रमाने, एकही विशेषण न वापरता सगळं सांगितलं: काज-बटणं, दुकानांची लेबलं, थांबलेल्या बायका, सेक्रेटरी, कबुतरं. चादरसुद्धा वगळली नाही. साहेब ऐकत होते, पण त्यांची नजर पुन्हा पुन्हा त्या बुटांकडे जात होती.

"जेवणाच्या सुट्टीत येतो," शेवटी ते म्हणाले. "पण एक लक्षात घ्या. कागदावरची शंका पुन्हा अर्ज करून मिटते. मी डोळ्यांनी बघून नाही म्हटलं, तर अर्ज कायमचा बंद."

नाना घरी आले ते जवळजवळ धावत. कर्नल बटणापाशी. काकू जिन्यात. दिवे बंद, पडदे उघडे. माई मशीनपाशी बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. सेक्रेटरी दाराबाहेर स्कूटरवर टेकून उभे होते, चेहऱ्यावर सहानुभूती, आणि स्कूटरचं तोंड खोलीकडे.

साहेब भर उन्हातून चालत आले. दारात थांबले, डोळे बारीक केले, आत पाहिलं.

"अंधार आहे," ते म्हणाले.

लेक पुढे झाली. "सर, तुम्ही आत्ता उन्हातून आलात. डोळ्याला आतल्या उजेडाची सवय व्हायला थोडा वेळ लागतो. बाहुली लगेच मोठी होते, पण डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशींना…"

"मला जे दिसतं ते मी लिहिणार," साहेब म्हणाले आणि त्यांनी खिशातून पेन काढलं.

"लिहा ना," माई म्हणाल्या. "पण तुमच्या बाहीचं बटण लोंबतंय. लिहिता लिहिता पडेल. बसा, एक टाका घालते."

साहेबांनी बाहीकडे पाहिलं. बटण खरंच एका धाग्यावर होतं. ऑफिसात सकाळपासून असं हात हलवत बसल्याचं त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते काही न बोलता स्टुलावर बसले आणि हात पुढे केला. माईंनी सुई घेतली, दोरा तोंडाशी धरून ओला केला आणि एका झटक्यात ओवला. मग निवांतपणे, एखाद्या पोराला पाटावर बसवावं तसं बटण जागेवर बसवलं.

साहेब आधी बाहीकडे बघत होते, मग मशीनकडे, मग हळूहळू कपाटाकडे, मग कोपऱ्यातल्या दोऱ्यांच्या रिळांकडे. नानांना त्यांची नजर खोलीभर पसरताना दिसत होती. तीन जबाब एका माणसाच्या डोळ्यांत, कॉम्प्युटरशिवाय, जुळत होते.

"अहो, थांबा," साहेब एकदम म्हणाले. "हा दोरा पांढरा आहे. शर्ट मोतिया आहे. बाकीची बटणं मोतिया दोऱ्याची आहेत. ते तिथे, वरून दुसऱ्या ओळीत, डावीकडे आहे बघा मोतिया रीळ."

माईंनी मान वर केली. "दिसतंय ना?" त्या म्हणाल्या.

साहेब थांबले. त्यांनी रिळांकडे पाहिलं, वर बंद दिव्याकडे पाहिलं, बटणापाशी ताठ उभ्या कर्नलकडे पाहिलं. आणि मग ते हसले; आवाज न करता, नुसते खांदे हलवून.

पांढरा दोरा माईंनी मुद्दाम घेतला होता की चुकून, हे त्यांनी आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही. नानांनी एकदा विचारलं होतं. "मी काय दोरे बघत बसते का?" असं उत्तर मिळालं. ज्या बाईने उभ्या जन्मात काळ्या कापडावर गडद निळा दोरा चढू दिला नाही, तिचं हे उत्तर.

साहेबांनी मोतिया दोऱ्याचा टाका पुरा होऊ दिला. मग तिथेच मशीनवर कागद ठेवून शेरा लिहिला: "प्रत्यक्ष पाहणी केली. नैसर्गिक प्रकाश शिवणकामास पुरेसा. परवानगी द्यावी. अर्जासोबतचे फोटो विचारात घेतलेले नाहीत." शेवटचं वाक्य त्यांनी थोडं जास्तच ठळक लिहिलं. बाहेर पडताना सेक्रेटरींपाशी थांबून खाली वाकून पाहिलं.

"हेच ते," ते समाधानाने म्हणाले. "लेसची गाठसुद्धा तीच." आणि ते गेले. सेक्रेटरी कितीतरी वेळ स्वतःच्या पायांकडे बघत होते.

"विचारात घेतलेले नाहीत!" त्या संध्याकाळी नाना म्हणाले. पण आवाजात दुःख नव्हतं. "अगं, फोटो साधा असता तर त्यांनी टेबलावरच निकाल दिला असता. माझा फोटो इतका चांगला की, त्यावर विश्वास बसेना, म्हणून माणूस ऊन तुडवत बघायला आला. या खोलीला परवानगी एचडीआरने मिळाली."

"हो तर," माई म्हणाल्या. "बटण तर आपलं आपणच लागलं."

वर्ग सुरू झाला. एका दुपारी खोली भरलेली असताना माईंनी स्वतःहून नानांना खाली बोलावलं. दारावरच्या पाटीशेजारी लावायला वर्गाचा फोटो हवा होता. नाना इस्त्रीचं टेबल घेऊन आले, कॅमेरा बसवला आणि म्हणाले, "सगळ्यांनी हात थांबवा. तीन फोटो होईपर्यंत हलायचं नाही."

"हात थांबणार नाहीत," माई म्हणाल्या. "नव्या मुलींना आत्ता कुठे ताल सापडलाय. मशिनं चालू राहतील. तुमचं तुम्ही बघा."

नानांनी वाद घातला नाही. तिन्ही फोटो घेतले आणि घरी येऊन एक केले. पट्टी मधोमधच ठेवली. खिडकीबाहेरचं झाड आलं, कोपरे आले, भिंती, चेहरे, वाकलेल्या माना, सगळं स्वच्छ. फक्त प्रत्येकीचे हात धुरकट, तीन ठिकाणी एकाच वेळी असल्यासारखे. हललेलं काढून टाकायचं बटण समोर होतं. नानांनी त्यावर बोट नेलं, आणि मागे घेतलं.

पाटीशेजारी फोटो लागला त्या दिवशी सेक्रेटरी जाता जाता थांबले. त्यांनी चष्मा पुसून बारकाईने पाहिलं.

"नाना, उजेड छान आलाय हो. पण हात काही नीट आले नाहीत."

"ते कामात आहेत," नाना म्हणाले.